हाक्सबर्गनची पाणचक्की आणि आमचा शनवारचा घाणा

गेल्या मे महिन्यात आम्ही उभयता हॉलंडला जाऊन आलो. नातू एन्स्खेडे या गावी विद्यापीठात शिकतो. त्याने आधीच सांगून ठेवले होते, "आजोबा, तुम्हाला एक जुनी गिरणी दाखवायची आहे. ती शनिवारी चालू असते." आम्ही म्हटले, बाळा, आपल्या पूर्वजांना लोक काय म्हणत हे तू विसरलास वाटते! शनवार तेली माणसे शनिवारी गिरणी पाहायला जातील काय? पण योग चांगला होता. त्या देशात मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी गिरण्यांचा राष्ट्रीय दिवस पाळतात आणि देशभरच्या जुन्या गिरण्या लोकांसाठी उघड्या ठेवतात. म्हणून शब्बाथला आम्ही एन्स्खेडेचे १९२८ सालचे सुंदर सिनेगॉग पाहायला पायीच गेलो आणि गिरणी रविवारी पाहिली.

हॉलंड म्हटले की पवनचक्की डोळ्यांपुढे येते. पण त्या देशाचा पूर्वेकडचा, जर्मनीला लागून असलेला भाग सपाट समुद्रकाठासारखा नाही. तिथे थोडा उतार आहे, ओढे आहेत, त्यामुळे पाण्यावरच्या गिरण्या पुष्कळ होत्या. हाक्सबर्गन गावाजवळ बुर्सरबेक नावाच्या ओढ्यावर ओस्टेनडॉर्पची जोडगिरणी आहे. ती १५४८ सालची. ओढ्याच्या एका काठाला धान्य दळण्याची इमारत, समोरच्या काठाला तेल गाळण्याची, आणि मध्ये बंधारा. दोन्ही चाकांना पाणी खालून ढकलते, वरून पडत नाही. धान्य आणि तेल एकाच पाण्यावर! आमच्या कोकणात जाते घरात आणि घाणा अंगणात, दोन्ही फिरवायचे ते बायकांच्या हातांनी आणि बैलाच्या खांद्याने.

आधी धान्याच्या बाजूला गेलो. गिरणी चालवणारे गृहस्थ आमच्याच वयाचे, पगार न घेता काम करणारे. तिथे अशा हौशी गिरणीवाल्यांची संघटना आहे, ते रीतसर शिकून परीक्षा देतात. त्यांच्या या विद्येला २०१७ साली युनेस्कोने मानवजातीच्या वारशात जागा दिली. त्यांनी दार उचलताच चाक करकरत हलले आणि सगळी इमारत पायाखाली थरथरू लागली. लाकडी दातांच्या चाकांना ते मेण लावतात. धान्य संपत आले की एक घंटी वाजते, कारण दगडावर दगड कोरडा फिरला तर ठिणगी उडते, आणि पिठाच्या धुळीत ठिणगी म्हणजे आगच.

दगड मात्र ओळखीचा वाटला. त्या देशात असा दगड मिळत नाही. जुन्या डच गिरण्यांचे दगड जर्मनीतल्या आयफेल डोंगरातून आणत, आणि तो ज्वालामुखीचा दगड आहे. आपले काळ्या दगडाचे जातेही सह्याद्रीच्या तशाच खडकाचे! दगडाच्या खाचा बोथट झाल्या की तेही टाकी लावतात. "टाकीऽऽ लावायची का" ही दुपारची हाक ज्यांनी ऐकली असेल त्यांना जास्त सांगायला नको. सौ. ने लगेच नातवाला जात्याची वरची तळी, खालची तळी, खुंटा हे शब्द सांगितले. तोऱ्यात वरच्या तळीला रेखेव म्हणजे स्वार म्हटले आहे आणि ती कोणाकडून गहाण घ्यायची मनाई केली आहे, कारण ती घेणे म्हणजे त्या घराचे पोटच गहाण घेणे. आज इस्राएलमध्ये रेखेव म्हटले की पोरांना मोटारगाडी आठवते.

मग पूल ओलांडून तेलाच्या बाजूला गेलो, आणि इथे आम्ही तासभर हललो नाही. आधी जवस दोन उभ्या दगडी चाकांखाली भरडतात. तो चुरा तव्यासारख्या पत्र्यावर जरा गरम करतात, लोकरीच्या पिशवीत भरतात, आणि पिशव्या लाकडी पेटीत ठेवून मध्ये पाचर ठोकतात. ठोकायला माणूस नाही. पाण्याने उचललेले मोठे लाकडी सोट वरून धाडकन पडतात. दर ठोक्याला पाचर आत जाते आणि खाली तेलाची धार लागते. आपल्या घाण्याची रीत वेगळी. लाकडी उखळात लाट फिरते, बैलाच्या डोळ्यांना झापडे, आणि तीळ किंवा खोबरे लाटेखाली हळूहळू दबून तेल सुटते. तिथे ठोका, इथे रगडा. पण पिशवीतून निघालेली पेंड त्या गृहस्थांनी हातावर ठेवली आणि वास आला मात्र, आम्हाला एकदम आमच्या आजोबांची आठवण झाली. पेंड तिथेही गुरांनाच घालतात.

नातवाला घाणा हा शब्दच ठाऊक नव्हता. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेले जहाज, वाचलेली सात जोडपी, हे त्याला माहीत होते. पण ती माणसे पुढे जगली कशावर? तेलावर. शनिवारी घाणा बंद, म्हणून शनवार तेली. हिब्रू प्रार्थना विसरल्या, ग्रंथ उरले नाहीत, तरी तो एक दिवस बैल जुंपला नाही. हाइम सॅम्युएल केहिमकरांनी १८९७ साली लिहून ठेवलेला आणि १९३७ साली तेल अवीवला छापला गेलेला आपल्या समाजाचा इतिहास ज्यांनी वाचला, त्यांना हे नवे नाही.

यावर नातवाने एक प्रश्न विचारला, तो मोठा होता. तो म्हणाला, "बैलाला विश्रांती हवी, हे समजले. पण ओढा तर शनिवारीही वाहतो. गिरणी पाण्यावर असती तर?" आम्ही उभ्या जन्मात शाळेत पोरांचे प्रश्न ऐकले, पण उत्तराला इतका वेळ क्वचित लागला असेल. बैलाचे नाव दुसऱ्यांदा सांगितलेल्या दहा आज्ञांत स्पष्ट आले आहे, ओढ्याचे नाही. आणि हा प्रश्न तालमूदमध्येच आहे! शुक्रवारी पाणचक्कीत गहू घालून ठेवावा की नाही? शुक्रवारी बागेला सोडलेले पाणी शब्बाथभर वाहू द्यायला हिल्लेलच्या शाळेची हरकत नाही. पण गिरणीबाबत मनाई सांगितली आहे आणि राब्बा त्याचे कारण देतात, की गिरणी आवाज करते. लोकांना वाटेल, अमक्याची गिरणी शब्बाथला चालली आहे. पुढे योसेफ कारो यांनी त्सफात येथे बसून परवानगीच्या बाजूने निर्णय दिला, तर पोलंडच्या मोशे इस्सेर्लेस यांनी आवाजामुळे मनाईच धरली. कारोंचा तो ग्रंथ १५६५ साली छापून निघाला, म्हणजे ही गिरणी तेव्हा नुकतीच फिरू लागली होती.

आमच्या पूर्वजांना हा वाद कोणी शिकवला नव्हता. कोकणात तो प्रश्नच उठला नसता, बैल पुढे उभा होता ना! तरी आमचे मत इस्सेर्लेस यांच्या बाजूला झुकते. घाणा शनिवारी गप्प असे म्हणूनच शेजारपाजारच्यांना कळले की ही माणसे वेगळी आहेत. आवाज बंद होता म्हणून तर नाव मिळाले.

आमच्या घरचा घाणा आजोबांच्या वेळीच मोडला. रॉकेल आले तसे दिव्यासाठी तेल कोणी घेईना, आणि घरातले पुरुष त्याआधीच पलटणीत आणि मुंबईच्या नोकऱ्यांत गेले होते. लाट काही वर्षे गोठ्याच्या दाराला अडसर म्हणून होती. पुढे काय झाले, आम्ही विचारले नाही आणि आता विचारायला कोणी नाही. हॉलंडच्या लोकांनी ४७० वर्षांहून जुनी गिरणी फिरती ठेवली. आमच्याकडे घाण्याचे एक छायाचित्रसुद्धा नाही. नातवाला समजावे म्हणून आम्ही वहीच्या पानावर चित्र काढून दिले. बैल फार वाईट आला. ज्या वाचकांच्या घरी घाणा होता, त्यांनी त्याच्या भागांची नावे लिहून या मासिकाकडे पाठवली तर बरे होईल. आम्हाला तीन-चारच आठवली. पुऱ्यांचा पहिला घाणा काढला, असे आपल्या बायका अजून म्हणतात, तेवढाच तो शब्द घरात उरला आहे.

निघताना जवसाच्या तेलाची लहान बाटली विकत घेतली. पुढच्या शुक्रवारी नातवाच्या खोलीत काचेच्या पेल्यात खाली पाणी आणि वर ते तेल घालून वात लावली, आपल्या घरी लावायचे तशी. धूर जरा जास्त झाला. खिडकी मात्र आधीच उघडून ठेवली होती, त्यामुळे उजेड रात्री उशिरापर्यंत टिकला.