कोनप्पन अग्रहाराचा थांबा

शुक्रवारची संध्याकाळ. होसूर रोडच्या कडेला पाठीवर सॅक घेऊन तुम्ही कोल्हापूरच्या स्लीपरची वाट बघताय. ट्रॅव्हल्सवाला फोनवर ‘दहा मिनिटं’ म्हणतो. म्हणजे पाऊण तास. वरून मेट्रो जाते. तिच्या स्टेशनच्या नावातले दोन शब्द वाचा : कोनप्पन अग्रहार. आणि निघा मागे.

मेट्रो गेली. 2010 ओलांडलंत, उड्डाणपूलही गेला. 1983. मुंबईत मुख्यमंत्री वसंतदादा पाटील, स्वतः जेमतेम शाळा शिकलेले, विनाअनुदानित इंजिनिअरिंग कॉलेजांना परवानगी देतायत. तुमची डिग्री तिथली. त्याच वर्षी दोन वर्षांची इन्फोसिस पुण्यातून बंगळूरला बिऱ्हाड हलवतेय. कॉलेजच्या फीसाठी कुणी रान विकलं, कुणी गहाण टाकलं. रानच नव्हतं त्यांचं काय, हे कुणी विचारलं नाही.

1978. पायाखाली लाल माती, शेतं. कर्नाटक सरकारच्या केऑनिक्स कंपनीचे आर. के. बाळिगा इथल्या 332 एकरांत इलेक्ट्रॉनिक्सचं शहर बघतायत. मुख्यमंत्री देवराज अर्स. अग्रहार म्हणजे राजानं विद्वान ब्राह्मणांना दिलेलं इनाम गाव. डोक्यानं काम करणाऱ्याला सरकारनं जमीन द्यायची, ही इथली जुनीच रीत. कुणाच्या डोक्याला, एवढाच वाद.

तो वाद ऐकायला 1918 च्या म्हैसुरात थांबा. दिवाण विश्वेश्वरय्या. 1916 ला विद्यापीठ, 1917 ला बंगळुरात इंजिनिअरिंग कॉलेज. कामाचा झपाटा असा की आपण नुसतं बघत राहावं. पण महाराज नाल्वडी कृष्णराज न्यायमूर्ती मिलर यांची समिती नेमतात : सरकारी नोकऱ्यांत ब्राह्मणेतरांना वाटा कसा द्यायचा? दिवाणांना ते पटत नाही. गुणवत्ता घसरेल, असं त्यांचं म्हणणं. ते पद सोडतात. मला हे कोडं सुटत नाही. मोजक्या गावांत मुरणारं कालव्याचं पाणी अनेक गावांना मिळावं म्हणून मुंबई इलाख्यात ब्लॉक पद्धत मांडणारा हाच माणूस! पाण्याचं गणित त्यांना कळलं, विद्येचं महाराजांना. आणि तुमची गाडी जिथं जायची, त्या कोल्हापुरात शाहू महाराजांनी 1902 सालीच निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या.

अजून एक मुक्काम. 1883, पुणे, संगमाजवळचं सायन्स कॉलेज. बाविशीतला एक तरुण इंजिनिअरिंगच्या परीक्षेत पहिला आलाय. लहानपणी वडील गेले, बंगळुरात शिकवण्या करून बी. ए. केलं. इथला खर्च म्हैसूर सरकारच्या शिष्यवृत्तीतून. नाव मोक्षगुंडम विश्वेश्वरय्या.

हॉर्न वाजतो. ‘कोल्हापूर, कोल्हापूर!’ तुमची बॅग डिकीत सरकवता सरकवता क्लीनरचं पोरगं समोरच्या काचेच्या इमारतीकडे हनुवटी उडवतं.

‘‘दादा, हितं लागायला किती शिकावं लागतंय?’’

तुमच्या तोंडून आधी फीचा आकडा निघतो.