'लेस'चा हरवलेला जोडीदार

इंग्रजीच्या पेपरात 'लेस मिस्टेक्स' लिहिलं की लाल रेघ ठरलेली. मोजता येतं तिथे 'फ्यूअर', येत नाही तिथे 'लेस'. चुका फ्यूअर, दूध लेस. नियम शिकवला जातो तो जणू भाषेबरोबरच जन्मल्यासारखा; छापात मात्र तो येतो १७७० साली, रॉबर्ट बेकरच्या 'रिफ्लेक्शन्स ऑन द इंग्लिश लँग्वेज' या पुस्तकात. बेकर काही पंडित नव्हे. पंधराव्या वर्षी शाळा सुटलेली, ग्रीक शून्य, लॅटिन यथातथा, हे त्यानेच सांगून टाकलंय. शंभराच्या आकड्याआधी 'नो लेस दॅन'पेक्षा 'नो फ्यूअर दॅन' आपल्याला डौलदार आणि नेमकं वाटतं, एवढंच त्याचं म्हणणं. पुढच्या व्याकरणकारांनी त्यातलं 'वाटतं' तेवढं गाळलं.

मी अडकलो ते त्याच्याही नऊशे वर्षं मागे. वेसेक्सच्या आल्फ्रेड राजाच्या नावावर बोएथियस या रोमन तत्त्वज्ञाच्या ग्रंथाचं जुन्या इंग्रजीतलं भाषांतर आहे. त्यात 'लॅस वोर्दा' असा प्रयोग येतो. शब्द तर चक्क मोजता येतात, तरी 'लेस'च! यातलं 'वोर्दा' हे षष्ठीचं बहुवचन. म्हणजे 'शब्दांपैकी कमी'. 'लॅस' इथे विशेषण नाही, नामासारखं वापरलंय. पुढे इंग्रजीचे विभक्तिप्रत्यय झडले, षष्ठी दिसेनाशी झाली आणि 'लेस वर्ड्‌स' उरलं. आज ज्याला अडाणीपणा म्हणतात, तो झडलेल्या षष्ठीचा अवशेष आहे.

खरी चीज त्याच वाक्यात पुढे आहे. 'लॅस'च्या समोर विरुद्धार्थी म्हणून आल्फ्रेड 'मोर'चा पूर्वज 'मारा' वापरत नाही. तो 'मा' लिहितो. या 'मा'चं पुढे 'मो' झालं, आणि मध्ययुगीन इंग्रजीत 'मो' मोजायच्या वस्तूंना, 'मोर' न मोजायच्या गोष्टींना, अशी वाटणी रुळली. १६११च्या बायबलातही हा 'मो' सापडतो. नंतरच्या आवृत्त्यांनी तो पुसून 'मोर' केला. स्कॉटलंडच्या बोलीत 'मे' आणि 'मेर' अशी जोडी टिकली.

म्हणून माझं म्हणणं असं, की कुळ बघितलं तर 'लेस' हा मोजणीवाल्या 'मो'चाच जोडीदार. बेकरने त्याला त्याच्याच घरातून बाहेर काढलं.

यावर जाणकार म्हणतील, आल्फ्रेडच्या काळी 'मा' फक्त मोजणीपुरता नव्हता, ती वाटणी नंतरची. बरोबर आहे, आणि माझ्या सिद्धांताचा हा कच्चा दुवा आहे. पण बेकरचा नियम निव्वळ लहर होती, हे दुसऱ्या टोकाचं मतही मला पटत नाही. 'मो' गेल्यावर अधिकाच्या बाजूचा भेद संपला. 'मेनी-मच'मुळे कानाला मात्र त्याची सवय उरली होती. ती भूक उण्याच्या बाजूने भागवली गेली असावी. मग 'मो'च का परत आणला नाही? माझ्या मते तोवर तो गावंढळ ठरला होता.

बेकरचा नियम आजही सगळीकडे चालत नाही. मैल, पैसे, वर्षं यांच्यापुढे कडक नियमवालेही निमूट 'लेस दॅन'च म्हणतात. ब्रिटनमधल्या टेस्को दुकानांत झटपट रांगेवर 'टेन आयटम्स ऑर लेस' अशी पाटी असे. व्याकरणप्रेमींची कुरकुर वाढल्यावर २००८ साली टेस्कोने पाटी बदलायचं ठरवलं, आणि 'फ्यूअर' न लिहिता 'अप टू टेन आयटम्स' लिहिलं.