कोयना ते किल्लारी: यंत्रावरच्या रेघा काय सांगतात?

आजची गोष्ट सुरू होते नाशिकला, दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'पासून. कळवण-सुरगाण्याकडे जमीन हादरली की बातमीत येतं, 'मेरीच्या वेधशाळेपासून इतक्या किलोमीटरवर भूकंप'. मला कायम प्रश्न पडायचा, हे अंतर मोजतं कोण? तिथे कुणी टेप घेऊन गेलेलं नसतं!

तर भूकंपाच्या दोन लहरी एकदमच निघतात. 'पी' जोरात पळते, 'एस' मागून येते. वीज चमकल्यावर गडगडाटापर्यंत आपण आकडे मोजतो ना, अगदी तसंच. दोघींमधल्या दर सेकंदाला साधारण आठ किलोमीटर धरायचे. कोयनेला हादरा बसला, तर नाशिकपर्यंत ही फट जवळपास ३५ सेकंदांची होते. दिशा मात्र एका यंत्रावरून कळणं अवघड. म्हणून किमान तीन केंद्रांभोवती वर्तुळं काढायची. ती जिथे मिळतात, तिथे भूकंप.

११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झालं. तीव्रता ६.३, पावणेदोनशेच्या वर माणसं गेली. धरणात पाणी साठायला लागल्यावर तिथे आधीच छोटे धक्के बसत होते, म्हणून भूकंपमापकंही बसवलेली होती. दख्खनचा पठार म्हणजे जुना, स्थिर खडक, असं तोवर मानलं जायचं. पण नोंदी वेगळंच बोलत होत्या: भूकंप जलाशयाजवळ आणि उथळ. धरणाच्या पाण्याचा भूकंपाशी संबंध असतो का, या प्रश्नावर जगभर अभ्यास होतो, तेव्हा कोयनेचं नाव हमखास येतं.

अजून एक गंमत. पहिला धक्का काही केंद्रांवर वर जातो, काहींवर खाली. त्यावरून जमीन कशी सरकली ते कळतं. कोयनेत खडकाचे दोन भाग एकमेकांना घासून आडवे सरकले. ३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीत मात्र एक भाग दुसऱ्यावर चढला.

किल्लारी तेव्हा नकाशावर झोन एकमध्ये होतं, म्हणजे सर्वांत कमी धोका. दगडमातीच्या जड भिंतींखाली हजारो माणसं झोपेतच गेली. २००२ मध्ये झोन एक नकाशातूनच काढला गेला.

म्हणून सांगतो, या रेघा वाचणं ही नुसती हुशारी नाही. 'इथे काही होत नाही' म्हणणाऱ्याला दाखवायचा तो पुरावा आहे. भेटू पुढच्या भागात!