‘बहिःस्थ’ ते ‘ऑनलाइन’ : एका संज्ञापरंपरेचा इतिहास

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्सची स्थापना झाली. त्यानंतर चिंचवड, आकुर्डी, भोसरी आणि कालांतराने चाकणपर्यंतचा सारा टापू पाळ्यांच्या घड्याळावर चालू लागला. ज्या कामगारास वर्गात बसणे शक्य नसे, त्याच्यासाठी विद्यापीठीय परिभाषेत ‘बहिःस्थ’ असा शब्द होता. त्या शब्दातच व्यवस्थेचे स्वरूप साठविलेले आहे. विद्यापीठाने परीक्षा घ्यावयाची. शिकणे ज्याचे त्याने पाहावयाचे.

दिल्ली विद्यापीठाने १९६२ मध्ये आणि मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केले. टपालाने टिपणे घरी येऊ लागली. प्रवेशाचा उंबरठा मात्र होता तेथेच राहिला. तो हलला १ जुलै १९८९ रोजी नाशिक येथे यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ स्थापन झाले तेव्हा. पुणे विद्यापीठाचे कुलगुरुपद पूर्वी भूषविलेले राम ताकवले त्याचे पहिले कुलगुरू होत. बारावी न झालेल्यासही पूर्वतयारीचा शिक्षणक्रम पुरा करून पदवीकडे वळता येऊ लागले.

या विद्यापीठाने मराठीस दिलेली परिभाषा अभ्यासकांकडून काहीशी उपेक्षितच राहिली आहे. अध्यापकाच्या जागी ‘संमंत्रक’ आला, महाविद्यालयाच्या जागी ‘अभ्यासकेंद्र’. संमंत्रक हा शब्द जिभेवर सहज रुळणारा नव्हे. तथापि शिकविणाऱ्याने सांगावयाचे नसून सल्ला द्यावयाचा आहे, हा बदललेला संबंध तो अचूक दाखवितो.

‘स्वयम्’ हे केंद्रीय व्यासपीठ २०१७ साली सुरू झाले. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या विनियमांनी मुक्त व दूरस्थ शिक्षणाहून ऑनलाइन शिक्षण वेगळे मानले. भाषिक दृष्टीनेही ते वेगळेच आहे. ‘मुक्त’ हा शब्द प्रवेशाविषयी बोलतो. ‘ऑनलाइन’ हा ‘पत्रद्वारा’प्रमाणे केवळ साधनाविषयी. म्हणजे वंशावळीने तो टपालाचा वारस ठरतो, मुक्ततेचा नव्हे. ठरलेल्या वेळी भरणारा ऑनलाइन वर्ग दुसऱ्या पाळीच्या कामगारास जुन्या वर्गाइतकाच बंद असतो. ध्वनिचित्रमुद्रित पाठाचे तसे नाही. परंतु ‘स्वयम्’वरील बहुतांश पाठ इंग्रजीत आहेत, आणि नाशिकच्या स्वयं-अध्ययन पुस्तकांनी मराठीत शिकू लागलेल्या विद्यार्थ्यास तेथे पुन्हा बहिःस्थ व्हावे लागते.