चंद्राचा सातबारा

मागच्या महिन्यात आमच्या बचत गटाच्या बैठकीला एक ताई पिशवीतून एक रंगीत कागद घेऊन आल्या. वर चंद्राचं चित्र, खाली सोनेरी शिक्का आणि मधे ठळक अक्षरांत ताईंचं नाव. चंद्रावरची एक एकर जमीन! लेक शहरात नोकरीला आहे. त्याने आईच्या वाढदिवसाला मोबाइलवरून पैसे भरून ती घेतली होती. ताईंच्या नावावर गावात गुंठाभरही जमीन नाही. सातबाऱ्यावर आधी सासरे होते, आता मालक आहेत. लेकाला वाटलं, आईच्या नावावर काहीतरी असावं.

ताईंनी विचारलं, "हा कागद खरा की खोटा?" आम्ही हसण्यावारी नेलं नाही. केंद्रातल्या आम्ही तिघींनी थोडं वाचलं, एका वकीलबाईंना विचारलं, आणि जे हाती लागलं ते आज सांगतो.

हा वाद चंद्राच्या आधी समुद्रावरून झाला, आणि तोही आपल्याच समुद्रावरून. पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा घेतला. या किनाऱ्यावरून गलबत हाकायचं तर त्यांचा परवाना घ्यावा लागे. त्याला ते कार्ताझ म्हणत. परवाना नसेल तर माल जप्त. म्हणजे पाण्यावर नांगर नाही, बांध नाही, तरी मालकी मात्र सांगायची. पुढे डच व्यापारी आले. १६०३ मध्ये त्यांच्या एका कप्तानाने सिंगापूरजवळ पोर्तुगीजांचं मालाने भरलेलं जहाज पकडलं. ते योग्यच होतं हे पटवून द्यायला डच कंपनीने ह्यूगो ग्रोशियस नावाच्या तरुण वकिलाला गाठलं. त्याच्या लिखाणातला एक भाग १६०९ मध्ये पुस्तक म्हणून निघाला. समुद्राला कुंपण घालता येत नाही, एकाने जहाज नेलं म्हणून दुसऱ्याची वाट संपत नाही, म्हणून समुद्र कुणा एकाचा नाही, असं त्याचं म्हणणं. म्हणणं चांगलंच आहे. पण ते एका कंपनीच्या धंद्यासाठी लिहिलं होतं, आणि 'सगळ्यांचं' म्हणत त्याच कंपनीने पुढे मसाल्याची बेटं बळकावली. ही गोष्ट ध्यानात ठेवा.

आता आभाळाकडे. ४ ऑक्टोबर १९५७ ला रशियाने स्पुतनिक सोडला. तो पृथ्वीभोवती फिरताना कितीतरी देशांवरून गेला. विमान असतं तर परवानगी लागली असती. स्पुतनिकबद्दल कुणी तशी तक्रार केली नाही आणि वरचं आभाळ सगळ्यांना मोकळं, असा रिवाज पडला. त्या दिवसांत अमेरिका आणि रशिया एकमेकांवर डोळा ठेवून होते. आपण मागे राहिलो तर दुसरा चंद्र लाटेल ही धास्ती दोघांनाही होती. म्हणून दोघांनी मिळून दार लावून घेतलं. १९६७ मध्ये अवकाशाचा करार झाला. त्याच्या दुसऱ्या कलमाचा अर्थ असा, की चंद्रावर किंवा कुठल्याही ग्रहावर कोणत्याही देशाला मालकी सांगता येणार नाही. हक्क सांगून नाही, वापर करून नाही, ठाण मांडून नाही. दोन वर्षांनी आर्मस्ट्राँगने तिथे झेंडा रोवला, तेव्हा अमेरिकेच्या संसदेने कायद्यातच लिहून टाकलं की हा झेंडा अभिमानाचा आहे, मालकीचा नाही.

मग ताईंचा कागद? विकणारे म्हणतात, करारात देशांना बंदी आहे, माणसांना कुठे आहे? ऐकायला बिनतोड वाटतं. पण आपल्या खाजगी माणसांच्या अवकाशातल्या कामाला त्यांचा देशच जबाबदार, असं त्याच करारात आहे. आणि साधी गोष्ट बघा. सातबारा तलाठी देतो, कारण तलाठ्यामागे सरकार आहे. ज्या सरकारला स्वतःलाच चंद्रावर हक्क सांगता येत नाही, ते तुमची नोंद कुठल्या वहीत करणार? तेव्हा कागद भिंतीवर लावायला छान आहे, बाकी त्याला किंमत नाही.

इथवर सोपं आहे. खरी मेख पुढे आहे. जमीन कुणाची नाही हे ठरलं, पण जमिनीतून काढलेल्या वस्तूचं काय? अपोलो ११ ने चंद्रावरून साडेएकवीस किलोच्या आसपास दगडमाती आणली, रशियाच्या यंत्राने १९७० मध्ये शंभर ग्रॅम आणली. ज्याने आणली त्याची, असंच जगाने धरलं.

जॉन लॉक नावाचा इंग्रज विचारवंत होऊन गेला. १६८९ च्या सुमारास त्याने मालमत्तेवर लिहिताना नेमकं आपल्या बायकांच्या रोजच्या कामाचं उदाहरण घेतलं. झऱ्याचं पाणी सगळ्यांचं, पण घागरीत भरलेलं पाणी भरणारीचं, कारण त्यात तिचे कष्ट आहेत. मात्र एक अट. मागून येणाऱ्यांसाठी पुरेसं आणि तितकंच चांगलं शिल्लक राहिलं पाहिजे. लॉकचं नाव घेणारे ही अट बहुधा विसरतात. त्याच विचाराने अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमिनी 'नांगरलेल्या नाहीत, म्हणजे पडीक' ठरवून गोऱ्यांनी घेतल्या, हेही सांगायला हवं.

२०१५ मध्ये अमेरिकेने कायदा केला तो या घागरीचाच. चंद्र किंवा लघुग्रह आमचा नाही, पण आमच्या कंपनीने तिथून जे काढलं ते कंपनीचं. २०१७ मध्ये लक्झेंबर्गने तसाच केला. हा देश आपल्या एखाद्या जिल्ह्यापेक्षा लहान, पण कंपन्यांना बोलावण्यात पटाईत. २०२० मध्ये तर नासाने चंद्रावरची चिमूटभर माती विकत घ्यायचे करार कंपन्यांशी केले. एका कंपनीने किंमत लावली एक डॉलर! माती महत्त्वाची नव्हतीच. विक्री झाली म्हणजे विकणारा मालक होता, असा पायंडा पाडायचा होता.

याच्या उलट वाटही काढली गेली होती. १९७९ च्या चंद्र करारात म्हटलं, चंद्र आणि त्यातली संपत्ती हा सगळ्या मानवजातीचा सामायिक वारसा आहे. खाणी काढायची वेळ आली की सगळ्यांनी मिळून नियम करायचे आणि गरीब देशांचा वाटा बघायचा. अमेरिका, रशिया, चीन कुणीही त्यात आलं नाही. भारताने १९८२ मध्ये सही केली, पण पक्की मान्यता आजवर दिलेली नाही. आणि जून २०२३ मध्ये भारताने अमेरिकेच्या पुढाकाराच्या आर्टेमिस करारांवर सही केली. त्यात म्हटलं आहे की खनिज काढणं म्हणजे आपोआप मालकी सांगणं नव्हे. म्हणजे एक सही वारशाच्या बाजूला, दुसरी घागरीच्या. आम्हाला यात फसवणूक दिसत नाही. पण आपलं सरकार नक्की कुठे उभं आहे ते त्याने सांगावं, एवढं विचारायला काय हरकत आहे?

कारण आता प्रश्न नुसत्या दगडांचा नाही. चंद्रावर पाण्याचा अंश आहे हे २००९ मध्ये आपल्या चांद्रयान-१ वरच्या उपकरणामुळे जगाला कळलं. बर्फ आहे तो ध्रुवांकडच्या, कधीच ऊन न लागणाऱ्या खड्ड्यांत. म्हणूनच दक्षिण ध्रुवाकडे सगळ्यांची रांग लागली आहे. त्या बाजूला पहिल्यांदा अलगद उतरलं ते २३ ऑगस्ट २०२३ ला आपलं चांद्रयान-३. पाणी मोजक्या जागी आहे, आणि तिथे आधी पोचणाऱ्याकडे घागर नसेल, मोटर असेल. विहिरीवर पाच एचपीची मोटर बसली की शेजारच्या आडाचं काय होतं ते आपल्याला कुणी शिकवायला नको. कागदावर पाणी तेव्हाही सगळ्यांचंच असतं.

संयुक्त राष्ट्रांची अवकाश समिती व्हिएन्नात बसते. २०२१ पासून तिथे याच प्रश्नावर एक गट काम करतो आहे.

हे सगळं सांगून झाल्यावर ताईंनी कागदाची घडी घातली. लेकाला काही बोलू नका म्हणाल्या, पोराने हौसेने केलंय. मग जरा थांबून म्हणाल्या, "चंद्राचं राहू द्या. खालच्या जमिनीला मालकांच्या जोडीने माझं नाव लावायला काय काय लागतं?" पुढच्या बुधवारी त्यासाठी तलाठ्यांना केंद्रावर बोलावलं आहे. प्रश्न लिहून आणा.