ट्रॅकवर उतरण्यापूर्वी : माझदा एमएक्स-५

शर्यतीच्या ट्रॅकवर शुल्क भरून स्वतःची मोटार वेगात चालविण्याच्या उपक्रमाला ‘ट्रॅक डे’ म्हणतात. ही शर्यत नव्हे. येथे क्रमांक नसतात आणि ओव्हरटेक करण्याच्या जागाही बहुधा ठरलेल्या असतात. अमेरिका आणि ब्रिटनमधील हौशी चालक यासाठी माझदा एमएक्स-५ला विशेष पसंती देतात. १९८९ मध्ये शिकागोच्या प्रदर्शनात सादर झालेली ही दोन आसनी, उघड्या टपाची जपानी मोटार. पहिल्या पिढीचे वजन जेमतेम एक टन, इंजिन सुरुवातीला १.६ लिटरचे.

नव्या मालकाचे लक्ष आधी इंजिनाकडे जाते. वास्तविक पहिला खर्च ब्रेकवर व्हायला हवा. वेग दुप्पट झाला, की ब्रेकला जिरवावी लागणारी ऊर्जा चौपट होते. तिची उष्णता डिस्क आणि पॅडमधून ब्रेक ऑइलपर्यंत पोहोचते. हे ऑइल हवेतील ओलावा शोषते. नव्या डॉट-४ ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो. ओलावा मुरलेल्या ऑइलसाठी हीच मर्यादा १५५ अंश आहे. ऑइल उकळले, की त्यात वाफेचे बुडबुडे होतात, चालकाचा सारा जोर ते दाबण्यात जातो आणि पेडल तळाला टेकूनही मोटार थांबत नाही. म्हणून ट्रॅक डेपूर्वी ताजे ऑइल भरणे अत्यावश्यक. ते फारसे महागही नाही. पॅड मात्र विचारपूर्वक निवडावेत. निव्वळ शर्यतीचे पॅड थंड असताना नीट पकड घेत नाहीत, आणि संध्याकाळी याच मोटारीने घरी जायचे असते!

दुसरा प्रश्न डोक्याचा. मोटार उलटल्यास कापडी टप चालकाला वाचवू शकत नाही. त्यामुळे अनेक आयोजक आसनांमागे पोलादी रोल बारची सक्ती करतात. रोल बार आणि विंडस्क्रीनची वरची कड यांवर काठी आडवी ठेवली, तर हेल्मेट तिच्याखाली राहावे, अशी साधी कसोटी आहे. मात्र रस्त्यावर हेल्मेट नसते. बारवर जाड पॅडिंग नसेल, तर किरकोळ धडकेतही तोच बार कवटीवर आदळू शकतो.

चाकांना थोडा जादा निगेटिव्ह कॅम्बर दिल्यास वळणावर पकड वाढते, परंतु रस्त्यावर टायरची आतील कड लवकर झिजते. तापल्यावर टायरमधील हवेचा दाब वाढत असल्याने तो फेऱ्यांदरम्यान तपासावा लागतो. शेवटची फेरी सावकाश मारून ब्रेक थंड होऊ द्यावेत, तापलेल्या मोटारीचा हँडब्रेक ओढू नये आणि परतीच्या रस्त्याला लागण्यापूर्वी चाकांचे नट टॉर्क पान्याने पुन्हा तपासावेत.