वांद्र्याच्या समुद्रातील ‘एम्परर अशोक’

उष्ण कटिबंधातील उथळ समुद्रात बुडालेली विमाने पाहण्यासाठी पाठीवर हवेची टाकी बांधून पाण्यात उतरण्याचा छंद आज जगभर रुजला आहे. पॅसिफिक महासागरातील ट्रुक बेटांजवळ, जेथे फेब्रुवारी १९४४ मधील अमेरिकी हल्ल्याने जपानी आरमाराची दाणादाण उडवली, अशी विमाने प्रवाळांच्या सोबतीने अजूनही ओळखू येण्याजोगी पडून आहेत. मुंबईच्या वाट्याला आलेला विमानाचा सांगाडा वेगळा होता; तो कोणी हौसेने पाहावा असा नव्हताच, आणि त्याच्याकडे पाणबुडे गेले ते २१३ माणसांच्या मृत्यूचे कारण शोधण्यासाठी.

एअर इंडियाचे पहिले बोइंग ७४७ विमान ‘एम्परर अशोक’ या नावाने १९७१ मध्ये भारतात आले. १ जानेवारी १९७८ च्या रात्री, १९० प्रवासी आणि २३ कर्मचारी घेऊन ते सांताक्रूझहून दुबईकडे निघाले आणि उड्डाणानंतर दोन मिनिटांच्या आत वांद्र्याच्या किनाऱ्यापासून सुमारे तीन किलोमीटरवर समुद्रात कोसळले. कोणीही वाचले नाही. नववर्षाच्या पहिल्याच दिवशी घडलेल्या या घटनेमागे घातपात असावा, असा संशय तत्काळ व्यक्त झाला आणि त्याचा निवाडा आता पाण्याखालच्या पुराव्यावर अवलंबून होता.

अवशेष जेमतेम दहा मीटर खोलीवर होते. या खोलीवर पाणबुड्याच्या अंगावर पृष्ठभागाच्या दुप्पट दाब येतो, जो प्रशिक्षित माणसाला सहज सोसतो. खरी अडचण गाळाची असते. मिठी नदी माहीमच्या खाडीतून येथेच समुद्राला मिळते, भरती-ओहोटीचे पाणी तळचा गाळ सतत ढवळत राहते आणि अशा गढूळ पाण्यात डोळ्यांपेक्षा हातांवर अधिक भरवसा ठेवावा लागतो. त्यातच विमान तीव्र कोनात नाक खाली करून वेगाने आदळले होते, त्यामुळे तळावर सलग सांगाडा उरला नव्हता. होते ते तुकडे. त्यांतून उड्डाणाच्या नोंदी ठेवणारे आणि चालककक्षातील संभाषण टिपणारे अशी दोन्ही यंत्रे वर काढण्यात आली. प्रत्यक्षात नारिंगी रंगाच्या असलेल्या याच पेट्यांना लोक ‘ब्लॅक बॉक्स’ म्हणतात.

या नोंदींनी घातपाताचा तर्क मोडून काढला. विमान कोणत्या बाजूला व किती कलले आहे हे वैमानिकाला दाखवणारे कृत्रिम क्षितिज, म्हणजे ढोबळमानाने खरे क्षितिज दिसत नसताना त्याची जागा घेणारे उपकरण, कप्तानासमोर बिघडले होते. उजवे वळण पुरे करून विमान सरळ झाले, तरी ते उजवीकडेच कललेले असल्याचे उपकरण दाखवत राहिले. कप्तानाने ते सावरण्यासाठी डावीकडे वळवले आणि डावा कल काटकोनापलीकडे गेला. बाहेर काळोख, खाली काळा समुद्र. चूक उघड करील असे क्षितिज कोठेही नव्हते. पर्यायी उपकरणे शाबूत होती, परंतु कर्मचाऱ्यांना त्यांच्या आधारे विमान सावरता आले नाही. चौकशीने दिलेला हा निष्कर्ष एका माणसाच्या चुकीवर बोट ठेवणारा वाटतो, तरी बिघडलेल्या यंत्राने अंधारात माणसाला किती खात्रीने फसवले याचीही ती नोंद आहे, आणि ती तशीच वाचली गेली पाहिजे. उपकरण व विमान बनवणाऱ्या कंपन्यांविरुद्धचा दावा अमेरिकी न्यायालयाने १९८५ मध्ये फेटाळला.

त्याच वर्षी २३ जूनला एअर इंडियाचे आणखी एक ७४७, ‘एम्परर कनिष्क’, आयर्लंडजवळ अटलांटिकमध्ये पडले आणि ३२९ जण मृत्युमुखी पडले. तेथील अवशेष सुमारे दोन हजार मीटर खोल असल्याने पाणबुड्यांचा प्रश्नच नव्हता. नोंदयंत्रे वर आणण्याचे काम ‘स्कॅरब’ या दूरनियंत्रित यंत्राला करावे लागले. वांद्र्याला खोटा ठरलेला घातपाताचा संशय त्या चौकशीत मात्र खरा निघाला: विमानात बॉम्ब होता.